मनोऱ्यातला शेजार

स्वयंपाकघरातला गॅस, फटफटीतले पेट्रोल, ट्रकमधले डिझेल, विमानाचे इंधन, रस्त्यावरचे डांबर, वीज गेली की शोधावी लागणारी मेणबत्ती आणि थंडीत ओठांना लावायचे व्हॅसलीन. या सगळ्यांचे मूळ गाव एकच आहे, असे सांगितले तर चटकन पटत नाही. पण ही मंडळी खरोखरच सख्खी भावंडे आहेत. जमिनीखालून निघणाऱ्या एकाच काळपट, घट्ट, उग्र वासाच्या तेलातून ती जन्माला येतात. त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम रिफायनरी, म्हणजे तेलशुद्धीकरण कारखाना करतो. हे काम कसे चालते ते कळले, की पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणे इतके सोपे का आणि इतके घातक का, हेही आपोआप कळते.

आपल्या देशात हा उद्योग नवा नाही. आसाममधील दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले आणि १९०१ साली तिथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. मुंबईत ट्रॉम्बे-माहुल भागात १९५४ आणि १९५५ साली दोन परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. पुढे १९७४ आणि १९७६ मध्ये ते सरकारने ताब्यात घेतले. आज त्यांना आपण हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखतो. गुजरातेत जामनगरला १९९९ साली सुरू झालेला आणि पुढे दुपटीने वाढलेला कारखाना तर एका जागी असलेला जगातला सर्वांत मोठा मानला जातो. रोज बारा लाखांहून अधिक पिंपे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. तेलाच्या व्यापारातले एक पिंप म्हणजे १५९ लिटर!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कच्चे तेल हा एक पदार्थ नसून शेकडो पदार्थांचे मिश्रण आहे. हे पदार्थ मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले असतात. फरक असतो तो साखळीच्या लांबीचा. कार्बनचे तीन-चार अणू असले, तर तो आपला स्वयंपाकाचा गॅस. पाच ते दहा-बारा अणूंचे पदार्थ पेट्रोलमध्ये येतात. त्याहून थोडी लांब साखळी रॉकेलची, आणखी लांब डिझेलची. वीस-पंचवीसच्या पुढे मेण आणि वंगण, आणि अगदी शेवटी डांबर. साखळी जितकी लांब, तितका पदार्थ जड आणि तो उकळायला लागणारी उष्णता जास्त. रिफायनरीचा सारा कारभार या एका नियमावर चालतो.

भांड्यात पाणी उकळताना झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. वाफ वर गेली, थंड झाली आणि पुन्हा पाणी झाले. गुलाबपाणी आणि अत्तर काढतात ते याच रीतीने. रिफायनरीत तेवढेच घडते, फक्त भांडे पुरुषभर नव्हे तर कित्येक मजले उंच असते.

प्रथम कच्चे तेल धुऊन त्यातले मीठ आणि पाणी काढतात, नाहीतर नळ्या गंजतात. मग भट्टीत ते सुमारे साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्याच्या तळाशी सोडतात. बहुतेक तेलाची वाफ होते आणि ती वर चढू लागते. मनोरा तळाशी तापलेला आणि माथ्याशी थंड असतो. आत एकावर एक जाळीदार तबके बसवलेली असतात. वाफ वर जाता जाता ज्या मजल्यावर तिला सोसेल इतका थंडावा मिळतो, तिथे ती द्रव होऊन तबकात उतरते. जड डिझेल खालच्या मजल्यावर थांबते, त्याच्या वर रॉकेल, त्याच्याही वर पेट्रोलचा कच्चा माल, आणि सर्वांत हलका गॅस थेट गच्चीवरून बाहेर पडतो. जे उकळलेच नाही ते तळाशी उरते. ते पुन्हा निर्वात मनोऱ्यात घालतात, कारण हवेचा दाब कमी केला की पदार्थ कमी उष्णतेत उकळतो. त्यातून वंगणाचा आणि मेणाचा माल निघतो आणि अखेर उरते डांबर. उसाचा रस, मळी, चिपाड यांतले काहीच वाया जाऊ नये, तसा हा व्यवहार आहे.

पण इथे एक अडचण येते. निसर्ग ज्या प्रमाणात हे पदार्थ देतो, त्या प्रमाणात बाजार ते मागत नाही. एकोणिसाव्या शतकात दिव्यांसाठी रॉकेल हवे असे आणि पेट्रोल हा नकोसा, भडका उडवणारा पदार्थ समजून टाकून देत. मोटारी आल्या आणि पारडे फिरले. मग जड तेलाच्या लांब साखळ्या तोडून त्यांतून पेट्रोल आणि गॅस करण्याची युक्ती निघाली. तिला भंजन म्हणतात. बारीक वाळूसारखी एक खास पूड पाचशे अंशांच्या वर तापलेली असते. तिच्या सहवासात लांब साखळ्या तटातट तुटतात. त्या वेळी पुडीवर काजळी बसते. ती शेजारच्या भांड्यात जाळून टाकतात आणि त्या जळण्याचीच उष्णता घेऊन पूड पुन्हा कामाला येते. या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना अमेरिकेत १९४२ साली सुरू झाला. आपल्या घरी येणाऱ्या सिलिंडरमधला बराच गॅसही अशाच तोडलेल्या साखळ्यांचा असतो.

यानंतरचे काम गंधक काढण्याचे. कच्च्या तेलात ते असतेच आणि जळले की त्याचा विषारी वायू होतो. हाच वायू पावसाच्या पाण्यात मिसळला की आम्ल बनते आणि संगमरवरही त्याला टिकत नाही. १९८२ साली मथुरेला रिफायनरी सुरू झाली तेव्हा ताजमहालाच्या काळजीने देशभर चर्चा झाली होती, ती यामुळेच. हायड्रोजनच्या मदतीने हे गंधक ओढून काढतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमानुसार पेट्रोल-डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे फक्त दहा भाग चालतात. त्याआधीच्या नियमात ही मर्यादा पन्नास होती. गंमत पाहा, एवढ्या कष्टाने काढलेल्या गंधकाचेच एक संयुग स्वयंपाकाच्या गॅसमध्ये चिमूटभर मुद्दाम घालतात. मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. गळती झाली तर नाकाला कळावी म्हणून हा कुजकट वास!

आता भेसळीचे पाहू. मनोऱ्यातले मजले म्हणजे काही विटांच्या भिंती नव्हेत. रॉकेलचा वरचा भाग पेट्रोलशी मिळताजुळता आणि खालचा भाग डिझेलशी. हे शेजारी एकमेकांत असे मिसळतात, की डोळ्यांना काही दिसत नाही. आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे रेशनचे रॉकेल गरिबाची चूल पेटावी म्हणून स्वस्त, तर पेट्रोल-डिझेल महाग होते. दोन भावांतल्या या फरकावर भेसळीचा धंदा पोसला गेला. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला तो ही चोरी पकडता यावी म्हणून. ते अनुदान हळूहळू कमी करत २०२० मध्ये संपले, तरी स्वस्त द्रावके मिसळण्याचा मोह संपलेला नाही.

ही भेसळ म्हणजे दुधात पाणी घालण्याइतकी साधी बाब नव्हे. रॉकेल मिसळलेले पेट्रोल नीट जळत नाही, इंजिन खटखटते, धूर वाढतो. गंधक काढायला रिफायनरीने घेतलेली सारी मेहनत एका डब्याने फुकट जाते. उलटी भेसळ तर त्याहून भयंकर. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला ते निदान ३५ अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोलला मात्र उणे चाळीस अंशांच्या आसपासही तेवढी वाफ सुटते. म्हणून रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले गेले, तरी स्टोव्ह पेटवताना भडका उडू शकतो. आणि स्टोव्हपुढे बहुधा घरातली बाईच बसलेली असते.

या धंद्याला आडवे जाणाऱ्यांनी काय किंमत मोजली, हेही विसरता येणार नाही. इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी इथे भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीचा प्रकार पाहून थांबले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. सरकारी नोकरीत रोजचे काम नेटाने करणारी ही माणसे होती.

मग सामान्य माणसाने काय करावे? आपल्या हातात अगदीच काही नाही असे नाही. पेट्रोल पंपावर गाळणकागद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नळीचे तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकावा. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला तर ठीक. डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा, कारण रॉकेल जड असल्यामुळे तितक्या लवकर उडत नाही. त्या दिवशीची घनता पंपावर लिहिलेली असते, ती मोजून दाखवायलाही सांगता येते. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागावी. लाजू नये, मागे रांग असली तरीही.

गॅसच्या बाबतीत मनोऱ्यातला नियम उलटा होतो, हेही ध्यानात ठेवा. तिथे हलका म्हणून माथ्यावर गेलेला हा वायू आपल्या घरातल्या हवेपेक्षा मात्र दीड ते दोन पट जड असतो. तो गळला तर छताकडे न जाता जमिनीलगत पसरतो. तेव्हा कुजकट वास येताच दिव्याच्या बटणाला, पंख्याला हात लावू नये. शेगडी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातल्यांना बाहेर काढावे आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक देशभर चालतो. घरातल्या लहानथोरांना तो पाठ असू द्या.