गाण्याचेही बी राखून ठेवा



हलके धान कापणीला येते आणि भारी धान अजून बांधीत उभे असते, त्या दिवसांत आपल्याकडे एक तारीख येते, २१ ऑक्टोबर. १८५८ साली याच दिवशी वीर बाबूराव शेडमाके यांना चांद्याला फाशी दिले गेले. आजही चंद्रपूरच्या तुरुंगाजवळच्या पिंपळापाशी दरवर्षी माणसे जमतात, फुले वाहतात. या सदरात आपण नेहमी बियाणे, खत आणि कीड यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते तरुणपणी लढाईत पडलेल्या मुलांमागे उरणाऱ्या गाण्यांविषयी. पण हाही विषय राखणीचाच आहे, म्हणून तो या सदरात घेण्यास हरकत नसावी.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. अहेरी भागातल्या मोलमपल्लीचे ते तरुण जमीनदार. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिले यांची फौज उभारून राजगड परगणा ताब्यात घेतला. घोट-अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या फौजेशी लढाई झाली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. मग डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंवर दाब आणला, आणि सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले. पुढच्याच महिन्यात फाशी. वय अवघे २५ वर्षे ७ महिने.

त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले २००९ साली. म्हणजे दीडशे वर्षे लागली. तोपर्यंत बाबूराव होते कुठे? ते होते म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत आणि गोंडी गाण्यांत. सरकारी कागदात ते बंडखोर होते. गाण्यात मात्र ते घरचे लेकरू होते. कागदाने जे राखले नाही ते गळ्याने राखले.

आता नेमक्या याच वयाचा एक परका तरुण पाहा. इंग्लंडचा विल्फ्रेड ओवेन. जन्म १८ मार्च १८९३, मृत्यू ४ नोव्हेंबर १९१८. त्याचेही वय २५ वर्षे ७ महिनेच. फ्रान्समध्ये एका कालव्याकाठी त्याला गोळी लागली आणि सातच दिवसांनी पहिले महायुद्ध संपले. ११ नोव्हेंबरला गावात विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या हाती मृत्यूची तार पडली. जिवंतपणी त्याच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या होत्या. दोन वर्षांनी मित्रांनी त्याचे पुस्तक काढले आणि लढाईचे खरे रूप जगाला कळले. त्याच्या टिपणवहीत आपल्या रवींद्रनाथांच्या ओळी उतरवून ठेवलेल्या होत्या. त्याच्या आईने १९२० साली पत्र लिहून ही गोष्ट रवींद्रनाथांना कळवली.

दुसरा तर तुमच्या-आमच्यासारखा कास्तकाराचाच मुलगा. वेल्स प्रांतातला एलिस इव्हान्स, मेंढरे राखणारा. ‘हेद विन’ या नावाने तो आपल्या वेल्श भाषेत कविता करी. सक्तीची भरती आली तेव्हा घरातल्या एका मुलाला जाणे भाग होते. धाकट्या भावावर पाळी येऊ नये म्हणून हा गेला. १९१७ च्या वसंतात नांगरणीला माणसे कमी पडली, म्हणून शेतकरी शिपायांना काही आठवडे घरी सोडण्यात आले. त्या रजेत त्याने भाषेच्या वार्षिक मेळाव्याच्या स्पर्धेसाठी आपली लांब कविता बरीचशी लिहून काढली. ३१ जुलैला तो बेल्जियममध्ये पडला. ६ सप्टेंबरला मेळाव्यात विजेत्याचे नाव पुकारले गेले, पण उठून पुढे यायला कोणी नव्हते. विजेत्या कवीला द्यायच्या खुर्चीवर काळे कापड घातले गेले. त्याच्या आईने घरच्यांना एवढेच सांगून ठेवले होते की, दार उघडे ठेवा. पुढच्या पिढीने ते अनेक वर्षे पाळले आणि लांबून आलेल्या माणसांना ते शेतघर व ती खुर्ची दाखवली. आज ते घर सार्वजनिक ठेवा म्हणून जतन केलेले आहे.

या दोघांचे शब्द टिकले, कारण ते कागदावर होते आणि मागे राहिलेल्यांनी ते सांभाळले. आपल्या शिपायांचे काय झाले? त्याच युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसे समुद्रापार गेली. ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळूत लढल्या. बहुतेकांना लिहिता येत नव्हते, म्हणून पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे. फ्रान्सहून जाणारी पत्रे इंग्रज अधिकारी तपासत आणि त्यांतले उतारे भाषांतर करून ठेवत. ते उतारे आज लंडनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत पीकपाण्याची चौकशी आहे, गुरांची आहे, मुलांच्या लग्नाची आहे. जर्मनीत बर्लिनजवळच्या छावणीत हिंदी युद्धकैद्यांचे बोलणे आणि गाणी तबकड्यांवर भरून घेतली गेली, त्या तबकड्याही तिथल्या विद्यापीठात शाबूत आहेत. आपल्या मुलांचे आवाज परक्यांनी आपल्या गरजेपुरते राखले. घरी मात्र थोडेच उरले.

माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. वय २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा आहे. पुतळा माणूस कसा लढला याची आठवण देतो. तो शेतात बैलांमागे काय गुणगुणत असे, हे पुतळ्याला सांगता येत नाही. ते घरच्यांनाच सांगावे लागते.

आपल्या तालुक्यात फिरताना गावाबाहेर उभे दगड दिसतात. मयताच्या नावाने दगड उभा करण्याची ही माडिया रीत फार जुनी आहे. दगडावर नाव कोरलेले नसते. तो कोणाचा आणि तो माणूस कसा होता, हे गावाच्या तोंडी असते. सांगणारा गेला की मागे नुसता दगड उरतो.

हे केवळ जुन्या काळाचे नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी याच तालुक्यात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलीस जवान कामी आले. असे जवान बहुधा शेतकऱ्याच्या घरातूनच आलेले असतात. पेटीत त्यांची वही असते, मोबाईलमध्ये मित्रांबरोबर म्हटलेले गाणे असते. जंगलात बंदूक घेऊन गेलेली आणि तिकडेच संपलेली गावोगावची मुलेही कोणाची तरी लेकरेच होती. कायद्याला बाजू असते आणि ती असलीच पाहिजे. आईच्या रडण्याला बाजू नसते. ती रडताना जे बोलते, तेही या भागाच्या कवितेतच मोडते.

तेव्हा आता काय करायचे ते सांगतो.

१. दोनशे पानांची एक वही घ्या. घरातली किंवा गावातली म्हातारी माणसे जी गाणी म्हणतात ती उतरवा. रोवणी आटोपल्यावरचे आणि मळणीनंतरचे दिवस याला चांगले.

२. गाणे माडियात असेल तर माडियातच, देवनागरीत लिहा. कानाला आले तसेच लिहा, शुद्ध करू नका. मराठी अर्थ समोरच्या पानावर द्या.

३. कोणी म्हटले, कोणत्या गावी आणि कोणत्या प्रसंगी, हे खाली जरूर लिहा. नाव-गाव नसलेले गाणे चिठ्ठी हरवलेल्या बियाण्यासारखे असते.

४. दुःखाचे गाणे विचारल्याशिवाय लिहू नका आणि बाई थांबली तर आपणही थांबावे.

५. घरात शिपायाची पत्रे, पदक किंवा फोटो असेल तर ते पर्लकोटेच्या पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंच जागी, कोरड्या पत्र्याच्या पेटीत, सुती कापडात ठेवा. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी किंवा डिंक लावू नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या.

६. मोबाईलमधला आवाज दुसऱ्या ठिकाणीही साठवा आणि वहीची एक नक्कल गावच्या शाळेत द्या.

धानाचे कितीतरी जुने वाण आपल्या डोळ्यांदेखत गेले. ते वाईट होते म्हणून गेले असे नाही. एका साली कोणी बी राखले नाही, दुसऱ्या साली कोणी विचारले नाही, आणि तिसऱ्या साली ढोलीत ते नव्हते. गाण्याचेही तसेच होते. एक पिढी गप्प राहिली की पुढच्या पिढीला पेरायला काही उरत नाही.

यंदाची मळणी झाली की घरच्या आजीजवळ वही घेऊन बसा. काम एका संध्याकाळीच सुरू होते.