सात आठवडे बेंचवर

‘काही नाही गं, थोडी रेस्ट घे,’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते खरं तर बरंच काही म्हणत असतात.

झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री झोपेत बधिर व्हायला लागली. मुंग्या यायच्या. मी आपली हात झटकायचे आणि कूस बदलून झोपायचे. मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. निदान: कार्पल टनेल. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून हाताची एक महत्त्वाची नर्व्ह जाते. तिथे सूज आली की ती नर्व्ह दाबली जाते. उपाय: रात्री स्प्लिंट बांधून झोपायचं आणि तीन आठवडे टायपिंग पूर्ण बंद.

तुम्हा नोकरीवाल्यांना सिक लीव्ह असते. फ्रीलान्सरला लिहिलं तर चेक, नाही तर नाही! मी रडवेल्या आवाजात एडिटरांना फोन केला. ते इतक्या प्रेमाने म्हणाले, ‘‘अगं, टेन्शन कसलं घेतेस? तीन आठवडे हा कॉलम आपण दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेऊ.’’

हे वाक्य ऐकून माझ्या मनगटापेक्षा पोटातच जास्त दुखलं.

माझ्या जागी जिने लिहिलं, ती नुकतीच मास कॉम करून बाहेर पडलेली मुलगी. तिचे ते तीन कॉलम तुम्ही वाचले असतीलच. मीही वाचले. पहिला वाचताना मी चक्क चुका शोधत होते. दुसरा वाचताना हसले. तिसरा वाचून झाल्यावर मोबाइल उलटा ठेवला आणि पंख्याकडे बघत बसले. चांगला होता हो! खरंच चांगला होता.

याच दिवसांत हिंजवडीतल्या एका मित्राने मला पेटन मॅनिंग नावाच्या माणसाच्या नादाला लावलं. मित्राचे क्लायंट अमेरिकन. त्यांच्या सीझनमध्ये सोमवारचा कॉल सुरू होतो तोच आदल्या दिवशीच्या फुटबॉलवर. आपला नाही, त्यांचा. हेल्मेट घालून, लांबट बॉल बगलेत मारून धावतात तो. कॉलवर मुंडी हलवता यावी म्हणून मित्राने तो खेळ शिकून घेतला आणि आता तो स्वतःच त्यात बुडालाय. म्हणाला, ‘‘तुझी केस सेम मॅनिंगची आहे. नर्व्हच ना? बघ एकदा.’’

आता ज्यांना क्वार्टरबॅक म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी (पंधरा दिवसांपूर्वी मीही तुमच्यातच होते): टीमने काय चाल करायची हे ऐनवेळी ठरवणारा, प्रत्येक चालीला बॉल हातात घेणारा आणि समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असताना तो अचूक फेकणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. कॅप्टन आणि ओपनिंग बॅट्समन एकाच हेल्मेटमध्ये. टीम जिंकली तर तो देव, हरली तर तोच खलनायक.

पेटन मॅनिंग अशा देवांमधला मोठा देव. वडील आर्ची मॅनिंग क्वार्टरबॅक, धाकटा भाऊ ईलाय क्वार्टरबॅक. १९९८ साली इंडियानापोलिस कोल्ट्सनी ड्राफ्टमध्ये त्याला सगळ्यात पहिला उचलला. तिथून पुढे रेग्युलर सीझनचे सलग २०८ सामने तो पहिल्या चालीपासून खेळला. तेरा सीझनमध्ये एकही दांडी नाही! आपण सोमवारची एक मीटिंग बुडवायची तर तीन कारणं तयार ठेवतो.

आणि मग २०११ मध्ये मानेने दगा दिला. मणक्यातल्या त्रासामुळे नर्व्ह दाबली गेली आणि उजव्या हाताची ताकदच गेली. त्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडूंच्या भांडणात क्लबांना टाळं लागलं होतं. म्हणून तो डेन्व्हरला कॉलेजमधल्या मित्राकडे, बेसबॉलपटू टॉड हेल्टनकडे गेला. लोकांची नजर चुकवून दोघं थ्रोइंगची प्रॅक्टिस करायला उभे राहिले. मॅनिंगने पहिला थ्रो केला आणि बॉल अर्ध्या वाटेतच नाक खाली घालून जमिनीवर. हेल्टनला वाटलं, हा मस्करी करतोय. मस्करी नव्हती. हा किस्सा पुढे मॅनिंगनेच सांगितला.

इथे मी व्हिडिओ थांबवला. चहाचा कप आठवला.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मानेचे मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं आणि अख्खा सीझन गेला. त्याच्याशिवाय कोल्ट्स १६ पैकी १४ सामने हरले. तुम्ही म्हणाल, बघा, कळली ना किंमत! मलाही तेच वाटलं. पण गंमत अशी, की इतकं हरल्यामुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर कोल्ट्सचा आला आणि तिथे अँड्र्यू लक नावाचा तरुण क्वार्टरबॅक तयारच होता. शिवाय मॅनिंगला ठेवायचं तर मार्चमध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस द्यावा लागणार होता. ७ मार्च २०१२ ला मालक जिम अर्से आणि मॅनिंग शेजारी शेजारी उभे राहिले आणि डोळे पुसत पुसत निरोप झाला. चौदा वर्षांचा संसार मोडला. तुमच्याशिवाय ऑफिस कोसळलं म्हणून ऑफिस तुमची वाट बघत बसेल असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेही गादीवर लोळत, डाव्या हाताने मोबाइल धरून.

पुढचं हिंदी सिनेमासारखं आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याला घेतलं आणि २०१३ च्या सीझनमध्ये त्याने ५५ टचडाउन पासेस फेकून लीगचा विक्रम केला. वय वर्षं ३७. ‘दि एंड’ची पाटी इथेच यायला हवी होती.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते याच्या पुढचं.

२०१५ उजाडलं. सीझनआधी क्लबने पगार १ कोटी ९० लाख डॉलरवरून दीड कोटीवर आणला. (हो, त्यांच्याकडेही अप्रेझल उलटं होतं!) वय ३९. डाव्या टाचेला प्लँटर फॅशिआयटिस, म्हणजे सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डोळ्यांपुढे काजवे. १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्धची मॅच. ब्रेट फार्वच्या एकूण पासिंग यार्डांचा विक्रम मोडायला मॅनिंगला फक्त ३ यार्ड हवे होते. तो मोडला. खेळ थांबवून स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. तोवरच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड फेकलेला माणूस!

आणि त्याच मॅचमध्ये २० पैकी ५ पास पूर्ण, एकूण ३५ यार्ड, आणि ४ वेळा बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात. त्यांच्याकडे क्वार्टरबॅकला रेटिंग देतात. त्या दिवशीचं त्याचं रेटिंग आलं शून्य. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोचने त्याला बाहेर बसवलं. टाळ्या आणि बेंच, एकाच दुपारी.

त्याच्या जागी आला ब्रॉक ऑसवायलर. २४ वर्षांचा. २०१२ साली मॅनिंग डेन्व्हरला आला, त्याच वर्षी क्लबने यालाही ड्राफ्ट केलं होतं. म्हणजे पोरगा साडेतीन वर्षं मागे उभा राहून बघत होता. आल्या आल्या शिकागोत जिंकला. पुढच्या आठवड्यात बर्फ पडत असताना, तोवर एकही मॅच न हरलेल्या न्यू इंग्लंडला ओव्हरटाइममध्ये हरवलं. मी मनात म्हटलं, संपलं. मला माझी बदली लेखिका आठवत होती, वेगळं सांगायला नको.

त्याला बसवणारा कोच गॅरी क्युबियॅक. हा स्वतः खेळाडू असताना नऊ सीझन याच क्लबचा बॅकअप क्वार्टरबॅक होता, जॉन एल्वेच्या मागे. आणि २०१५ मध्ये एल्वे क्लबचा कारभारी होता, ज्याने स्वतः कारकिर्दीच्या अगदी शेवटी लागोपाठ दोन सुपर बोल जिंकून निवृत्ती घेतली होती. म्हणजे बेंचवर बसण्यात आयुष्य गेलेला एक आणि बेंचवर जायच्या आत उठून गेलेला दुसरा. मॅनिंगचा निर्णय या दोघांच्या हातात!

सात आठवड्यांनी, ३ जानेवारी २०१६ ला, मॅनिंग एनएफएलच्या १८ वर्षांत पहिल्यांदाच बॅकअप म्हणून ड्रेस घालून बसला. सॅन दिएगोविरुद्धची मॅच. ब्रॉन्कोजच्या हातून बॉल सारखा निसटत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये क्युबियॅकने मॅनिंगला आत पाठवलं आणि स्टेडियम दणाणलं.

आता मला वाटलं, हा लांबलचक थ्रो मारणार, विक्रम करणार, पाठीमागे म्युझिक वाजणार. त्याने काय केलं? बॉल घेतला आणि शेजारून पळणाऱ्याच्या हातात दिला. परत घेतला, परत दिला. मधूनच एखादा छोटा पास. बस्स. ब्रॉन्कोज २७-२० ने जिंकले आणि त्यांना प्लेऑफमध्ये पहिलं मानांकन मिळालं.

मी तो भाग तीनदा पाहिला. हाताला आता काय जमत नाही, हे त्याला माहीत होतं. जे जमत नव्हतं ते त्याने केलंच नाही. उरलं होतं डोकं: समोरचा कुठे उभा आहे, आपला कुठे हवा, कोणती चाल बदलायची. त्यावर त्याने मॅच काढली. दोन वर्षांपूर्वी ५५ टचडाउन फेकणाऱ्याने ‘मी फेकणार नाही, तू पळ’ असं म्हणायला किती गिळावं लागलं असेल!

७ फेब्रुवारी २०१६. सुपर बोल ५०. डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० हरवलं. मॅनिंगचे पूर्ण पास २३ पैकी १३, यार्ड १४१. मॅच काढली ती डिफेन्सने. सामन्याचा मानकरी ठरला व्हॉन मिलर. मॅनिंग त्या दिवशी हिरो नव्हता, पण ट्रॉफी त्याच्याही हातात होती. दोन वेगवेगळ्या टीमना सुपर बोल जिंकून देणारा तो पहिला स्टार्टिंग क्वार्टरबॅक. आणि हो, पगारातले कापलेले ४० लाख डॉलर जिंकण्याच्या बोनसमधून वसूल! ७ मार्च २०१६ ला, म्हणजे कोल्ट्सनी निरोप दिला त्याच तारखेला चार वर्षांनी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

आणि ऑसवायलर? त्याच महिन्यात ह्यूस्टनने त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. एका सीझननंतर त्याला तिथूनही काढलं. पण नोव्हेंबरात तो जिंकला नसता, तर जानेवारीत मॅनिंगला परत येण्यासारखं काही उरलंच नसतं. मी आठवडाभर मॅनिंगच्या बाजूने व्हिडिओ बघत होते आणि मनातल्या मनात त्या पोराचा राग करत होते. खरं तर घर त्यानेच सांभाळून ठेवलं होतं.

ते लक्षात आलं त्या रात्री मी माझ्या ऑसवायलरला फोन लावला. ‘‘तिसरा कॉलम छान होता,’’ मी म्हटलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, ‘‘ताई, खरं सांगू? तुमचे जुने कॉलम वाचून वाचून लिहिला. वाचक तुमची वाट बघतायत असं वाटायचं, जाम टेन्शन आलेलं.’’ म्हणजे तीन आठवडे आम्ही दोघी एकमेकींना घाबरत होतो!

स्प्लिंट अजून आहे. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा तास टायपिंगची परवानगी दिलीय, म्हणून हा कॉलम चार दिवसांत लिहिला. वाक्यं पूर्वीपेक्षा लहान झालीत, तुमच्या लक्षात आलं असेलच. आणि एडिटरांना मीच सुचवलंय, की महिन्यातला एक कॉलम तिला द्या. चेक एकाने कमी होईल. हे सुचवताना मला फार मोठ्या मनाचं वगैरे काही वाटलं नाही. पोटात थोडं दुखलंच.

पण चहाचा कप आता डाव्या हाताने धरते. अजून एकही फुटलेला नाही.