ड्रॅगनची शेपटी आणि माझा शेरा



दिवाळीच्या सुट्टीत आमची नऊ वर्षांची नात आठ दिवस मुक्कामाला होती. नातवंडे घरी आली की टीव्हीचा ताबा विनातक्रार त्यांच्याकडे जातो, हा आता घरोघरचा रिवाज झाला आहे. एका दुपारी तिने माझ्या हातातले वर्तमानपत्र काढून घेतले आणि फर्मान सोडले, “आजोबा, आज माझा सिनेमा बघायचा. आणि झोपायचं नाही.” सिनेमाचे नाव ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’, म्हणजे ड्रॅगनला वळण कसे लावावे. चाळीस वर्षे आकडेमोडीत घालवलेल्या माणसाला आग ओकणाऱ्या उडत्या राक्षसाचे काय कौतुक असणार? मी लोडाला टेकलो तो डुलकी काढण्याच्याच हेतूने. डुलकी मात्र आली नाही. इतकेच नव्हे, तर त्या रात्रीही झोप लवकर लागली नाही. त्याचे कारण आजच्या लेखात सांगणार आहे.

प्रथम चित्रपटाविषयी. हा ॲनिमेशनपट अमेरिकेतील ड्रीमवर्क्स या संस्थेने 2010 साली पडद्यावर आणला. ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लुआ ही त्याची दिग्दर्शक जोडी. ब्रिटिश लेखिका क्रेसिडा कॉवेल यांच्या 2003 साली आलेल्या बालपुस्तकावर तो आधारलेला आहे. मात्र पुस्तकातला ड्रॅगन अगदी लहानसा, हट्टी आणि खोडकर आहे, तर चित्रपटातला काळाभोर, वाऱ्याच्या वेगाने उडणारा आणि सर्वांना धडकी भरवणारा आहे. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि सर्वोत्कृष्ट पार्श्वसंगीत या दोन विभागांत त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. पुढे 2014 आणि 2019 साली त्याचे आणखी दोन भाग आले, आणि 2025 साली तीच कथा प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन पुन्हा चित्रित झाली. मी लिहितो आहे ते पहिल्या, 98 मिनिटांच्या चित्रपटाविषयी.

उत्तरेकडच्या थंड समुद्रात बर्क नावाचे एक बेट आहे. तेथे व्हायकिंग राहतात. रात्री-अपरात्री ड्रॅगनांचे थवे येतात, मेंढ्या पळवतात, घरे पेटवतात. गावकरी त्यांना मारतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले आहे. गावाचा नायक स्टॉइक हा डोंगराएवढा पुरुष. त्याचा मुलगा हिकप मात्र काडीसारखा. हिकप म्हणजे उचकी! नावातच त्याची गावातली पत कळते. वडिलांच्या नजरेत भरावे म्हणून हा मुलगा स्वतः बनवलेल्या यंत्राने अंधारात नेम धरतो आणि आजवर कोणीही न पाहिलेला ‘नाइट फ्युरी’ जातीचा ड्रॅगन खाली पाडतो. त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. तो एकटा रानात जातो. दोरांत जखडलेला तो काळा जीव त्याला सापडतो. सुरी उगारली जाते, आणि तेवढ्यात दोघांची नजर भेटते. मुलाचा हात खाली येतो. तो दोर कापतो.

हा ड्रॅगन उडू शकत नाही. यंत्राच्या माऱ्यात त्याच्या शेपटीचा एका बाजूचा पंखा तुटला आहे. दरीतल्या एका तळ्याकाठी तो अडकून पडला आहे. मुलगा रोज तेथे जाऊ लागतो. दात आत ओढून घेण्याची त्या प्राण्याची लकब पाहून तो त्याला ‘टूथलेस’, म्हणजे बोळका, असे नाव ठेवतो. एक प्रसंग असा आहे की त्यात एकही संवाद नाही, केवळ जॉन पॉवेल यांचे हळुवार संगीत. मुलगा काठीने मातीत चित्र काढतो. ते पाहून ड्रॅगन एक झाड उपटतो आणि तोही मातीत रेघोट्या ओढतो. त्या रेघेवर मुलाचा पाय पडला की तो गुरगुरतो. पाय उचलला की शांत होतो. मुलाला खूण पटते. एकही रेघ न मोडता, पाय जपून टाकत तो जवळ जातो, हात पुढे करतो आणि मान दुसरीकडे वळवतो. स्पर्श करायचा की नाही, हा निर्णय तो समोरच्यावर सोपवतो. क्षणभराने ड्रॅगन आपले नाक त्या तळहातावर टेकवतो.

आपल्या घरांत चंडकौशिकाची कथा कोणी ऐकलेली नाही? दृष्टीतच विष असलेला तो सर्प, गुराख्यांनी सोडून दिलेली ती वाट, आणि सर्वांनी अडवूनही त्याच वाटेने शांतपणे गेलेले भगवान महावीर. माझ्या आईने ही कथा मला शंभरदा सांगितली असेल. दोन्ही कथांची बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. भगवंतांच्या मनात भय नव्हतेच. हिकपचे मात्र हातपाय लटपटत होते. परंतु तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसाला म्हणूनच हा मुलगा जवळचा वाटतो. भय संपल्यावर दया करू, असे म्हणत बसलो तर आयुष्य सरून जाईल. तो पोरगा भय घेऊनच पुढे जातो. पुढे तो आपल्या मैत्रिणीला सुरी न चालवण्याचे कारण सांगतो ते एवढेच, की तो जीवही माझ्याइतकाच घाबरलेला दिसला.

येथवर मी चित्रपट कौतुकाने पाहत होतो. मला हलवून सोडले ते त्यानंतरच्या भागाने.

हिकप आणि त्याची मैत्रीण टूथलेसच्या पाठीवरून उडत असताना ड्रॅगनांच्या थव्यात सापडतात आणि त्यांच्या गुहेत जाऊन पोहोचतात. तेथे त्यांना दिसते की पळवून आणलेले अन्न हे ड्रॅगन स्वतः खातच नाहीत. ते सारे एका खोल, धगधगत्या विवरात टाकतात. एक गुबगुबीत ड्रॅगन येतो आणि एकच बारीकशी मासळी टाकतो. पुढच्याच क्षणी विवरातून पर्वतासारखे एक तोंड वर येते आणि त्यालाच गिळून टाकते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गाव चोर समजत आले, ते त्या महाकाय ड्रॅगनच्या धाकापोटी रोजचा हप्ता भरत होते.

‘हप्ता’ हा शब्द मनात आला आणि माझे लक्ष पडद्यावरून उडाले.

1996 सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. अनुत्पादक मालमत्तेचे नवे निकष बँकांना लागू होऊन फार वर्षे झाली नव्हती आणि वरून वसुलीसाठी सारखा तगादा असे. आमच्या एका कर्जदाराने मालवाहू टेम्पो घेतला होता. वर्षभर हप्ते वेळेवर आले, नंतर थांबले. टेम्पो तर रोज रस्त्यावर धावताना दिसे. नोटिसा गेल्या; उत्तर नाही. मी स्वतः दोनदा घरी गेलो, तर तो मागच्या दाराने निघून गेला. बाजारात समोर आला की गल्लीत वळे. गाडी चालते आहे, भाडे मिळते आहे आणि माणूस तोंड चुकवतो आहे. याचा अर्थ मी एकच लावला. त्याच्या फाइलवर मी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला, ‘परतफेडीची क्षमता असूनही हेतुपुरस्सर टाळाटाळ’. टेम्पो नजरगहाण होताच. रीतसर जप्ती झाली, रीतसर लिलाव झाला. नियमाबाहेर मी एकही पाऊल टाकले नाही.

लिलावानंतर काही दिवसांनी त्याची पत्नी शाखेत आली. ती भांडायला आली नव्हती. उरलेली बाकी किती, एवढेच तिला विचारायचे होते. बोलता बोलता उलगडा झाला. सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने एका खासगी सावकाराकडून पैसे उचलले होते, महिना दहा टक्क्यांनी. सावकाराची माणसे रोज संध्याकाळी टेम्पोच्या थांब्यावर उभी असत आणि दिवसभराचे भाडे तिथल्या तिथे काढून घेत. एखाद्या दिवशी रक्कम कमी पडली तर काय होई, ते तिने सांगितले नाही. पदराने डोळे टिपले. बँकेचा साहेब नोटीस पाठवतो, ती माणसे घरात शिरतात. मग तो आधी कोणाला देणार?

मी तोंड चुकवणारा माणूस पाहिला होता. तो कोणाच्या भयाने धावतो आहे, हे पाहण्यासाठी एक संध्याकाळ त्या थांब्यावर जाऊन उभे राहायला हवे होते. मी गेलो नाही.

चित्रपटाकडे परत येतो. टूथलेसला जायबंदी करणारा दुसरा-तिसरा कोणी नसून हिकपच आहे. मला सर्वांत भावले ते हे, की तो नुसता हळहळत बसत नाही. तो लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी करणारा मुलगा आहे. तो माप घेतो, कातडे आणि लोखंडी काड्या जुळवून शेपटीचा नवा पंखा तयार करतो, तो बसवताना आपटतो, पुन्हा दुरुस्त करतो. तो पंखा ड्रॅगनला एकट्याने हलवता येत नाही. पाठीवर बसलेल्या मुलाने पायाने खटका दाबावा तेव्हाच तो उघडतो. म्हणजे उडायचे तर दोघांनी मिळून. अखेरीस हिकपही एक पाय गमावतो, आणि त्याच भट्टीवर त्याच्यासाठी कृत्रिम पाय घडवला जातो. एकाची शेपटी लोखंडी, दुसऱ्याचा पाय लोखंडी. दोघे शेजारी शेजारी घराबाहेर पडतात. मुलांच्या चित्रपटात नायकाला असे कायमचे उणेपण देण्याचे धैर्य क्वचितच कोणी दाखवते.

मीही माझ्या परीने ती शेपटी बनवायला गेलो होतो. त्या माणसाला जुनी गाडी घेण्यासाठी छोटे कर्ज मिळावे म्हणून मी सविस्तर शिफारस लिहून प्रस्ताव वर पाठवला. पंधरा दिवसांत तो परत आला. नामंजुरीचे कारण एका ओळीत होते: संबंधित शाखेनेच पूर्वी हेतुपुरस्सर टाळाटाळीचा शेरा नोंदवलेला आहे. माझ्याच हातचा शेरा माझ्या शिफारशीच्या आड आला. पुढे माझी बदली झाली. ते कुटुंब गाव सोडून गेल्याचे नंतर कानावर आले. दरवर्षी संवत्सरीला मी सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो; त्या एका माणसासमोर उभे राहून म्हणण्याचे राहून गेले आहे.

चित्रपट संपल्यावर हे सारे मी नातीला सोप्या शब्दांत सांगितले. का सांगितले, कोण जाणे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आजोबा, तुम्ही त्याला शोधलं का नाही?” माझ्याजवळ बदलीच्या आदेशाशिवाय दुसरे उत्तर नव्हते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला बदलीचा आदेश हे उत्तर वाटत नाही.

तिचा आणखी एक प्रश्न येथे नोंदवतो. शेवटच्या लढाईत त्या महाकाय ड्रॅगनचा अंत होतो आणि गाव आनंदोत्सव करते. नात म्हणाली, “त्याला कोणी विचारलंच नाही, की तू असा का?” दिग्दर्शकांना चित्रपट संपवण्यासाठी एक खलनायक हवा होता, हे उघड आहे. पाऊण भाग ज्या विचारावर उभा आहे, तो शेवटच्या पाव भागात थोडा मागे पडतो, असे माझे नम्र मत आहे. आपल्या शाकाहारी घरांतील मुलांना त्यातली मासळीची देवघेवही खटकेल. आमच्या नातीने तेवढ्यापुरते डोळे झाकून घेतले. तरीही मी हा चित्रपट आवर्जून पाहा असेच सांगेन, कारण हे प्रश्न मुलांना त्याच चित्रपटाने सुचवले आहेत.

आणखी एक विनंती माझ्या वयाच्या वाचकांना. नातवंडांनी ड्रॅगनकडे पाहावे. आपण स्टॉइककडे पाहावे. मुलगा जिवाच्या आकांताने काहीतरी सांगतो आहे आणि बाप त्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही. संतापाच्या भरात तो त्याला ‘तू माझा मुलगा नाहीस’ इथवर बोलतो आणि दाराबाहेर पडल्यावर स्वतःच कोलमडतो. पुढे भर रणांगणात तो मुलाची क्षमा मागतो. ते दृश्य सुरू असताना मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जुनी दैनंदिनी काढली आणि त्या तालुक्यातील माझ्या एका माजी सहकाऱ्याला फोन लावला. त्या कुटुंबाचा एक नातेवाईक अजून तेथे बाजारपेठेत असतो, असे तो म्हणाला. येत्या महिन्यात जाऊन येण्याचा विचार आहे. सोबत नातही येणार म्हणते. प्रश्न तिचाच आहे, तेव्हा तिला नाही म्हणता येत नाही.

जय जिनेंद्र.