हरकतीपुरता नागरिक

लहान शहरातील नागरिकाला स्थानिक कारभारात मिळणारी जागा बहुधा निर्णय ठरल्यानंतरची, म्हणजे हरकतदाराची असते. ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि तेथे मतदार खर्चाचा जाब विचारू शकतो. शहरांसाठी 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या, म्हणजे एका वा अधिक प्रभागांचा कारभार पाहणाऱ्या समित्या, आणल्या खऱ्या. पण त्यांचे बंधन 3 लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरते आहे. 2011 च्या जनगणनेत धाराशिवची लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत होती आणि तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा ही शहरे त्याहून लहान होती; ही सारी ग्रामसभेच्या पुढे गेली, पण प्रभाग समितीपर्यंत पोहोचली नाहीत.

2016 मध्ये निवडून आलेल्या धाराशिव नगरपरिषदेची मुदत 2021 अखेर संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात लांबलेले मतदान थेट डिसेंबर 2025 मध्ये झाले. मधल्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे असल्याने ठराव मंजूर करणारा आणि राबवणारा एकच राहिला. नगरसेवकाचे दारही बंद झालेल्या नागरिकापाशी उरली ती आवक विभागाची खिडकी, जेथे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून ‘पोच’ दिली जाते. अर्ज आल्याचा हा पुरावा असतो, वाचला गेल्याचा नव्हे.

विचारण्याची सक्ती असली की सरकारी यंत्रणा वेगळी वागते, हे उस्मानाबादच्या ‘धाराशिव’ या नामांतराने दाखवले. फेब्रुवारी 2023 मध्ये जिल्हा, तालुका व गाव या महसुली क्षेत्रांच्या नामांतराची प्रारूप अधिसूचना निघाली, तेव्हा महसूल कायद्यानुसार हरकती व सूचना मागवणे भाग होते, म्हणून त्या मुदत घालून मागवल्या गेल्या. अंतिम अधिसूचना सप्टेंबरमध्ये निघाली. हरकतींनी निर्णय बदलला नाही, तरी त्या नोंदल्या गेल्या. उजनी धरणाचे पाणी शहराच्या कोणत्या भागाला किती दिवसांआड सोडायचे, हे ठरवताना मात्र अशी विचारणा होत नाही.

नव्या सभागृहाला यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्थसंकल्पापूर्वी प्रत्येक प्रभागात एक सभा घ्यावी, मागण्यांना क्रमांक द्यावेत आणि मंजूर वा नामंजूर, कारणासह, नगरपरिषदेच्या फलकावर लावावे. तोवर निदान पोचेवरील शिक्क्याखाली उत्तराची तारीख तरी लिहिली जावी.