पगार कमी, काम आवडीचे : हिशेब कोणी मांडायचा?

कोकणात ‘नोकरी’ हा शब्द फार वर्षे ‘मुंबई’ ह्या शब्दाला जोडूनच उच्चारला गेला. श्रीवर्धनच्या वाडीतला थोरला मुलगा हाताशी आला की एसटीत बसायचा, गिरणीत, गोदीत नाहीतर एखाद्या कचेरीत चिकटायचा, आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर यायची. शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा आखाताची वाट धरायचा. ते काम त्याला आवडते का, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याला स्वतःलाच ती थट्टा वाटली असती. नोकरी घर चालविण्यासाठी असते. आवड गणपतीत, शिमग्यात, गावच्या नाटकात भागवून घ्यायची, असा तो सरळ व्यवहार होता.

त्याच घरांतली पुढची पिढी आता निराळे बोलू लागली आहे. इंजिनीअर झालेला, पुण्या-मुंबईच्या कंपनीत बऱ्यापैकी पगारावर असलेला मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी येते आणि जेवताना सांगून टाकते, “ही नोकरी मी सोडणार. गेम बनविणाऱ्या कंपनीत काम मिळते आहे. पगार थोडा कमी आहे.” ‘थोडा’ म्हणजे किती, हे पुढच्या प्रश्नावर कळते आणि आईच्या हातातला डाव आमटीतच थांबतो. आजी विचारते, “गेम म्हणजे पत्ते का रे?” वडील काही बोलत नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असते.

ह्या प्रसंगाकडे ‘आजकालची पोरे’ एवढ्या शेऱ्यावर पाहून चालणार नाही, आणि ‘मनाचा कौल घ्या’ अशा गोड उपदेशावरही भागणार नाही. घरोघरी उभ्या राहणाऱ्या ह्या प्रश्नाचा थोडा शांतपणे हिशेब मांडला पाहिजे.

हा पोरखेळ नव्हे

आजीचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. पैसे लावून खेळायचे रमी आणि तत्सम खेळ आपल्याकडे ‘गेमिंग’ ह्याच नावाने घरात शिरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि त्या धंद्यातल्या अनेक कंपन्यांनी पाठोपाठ माणसे कमी केली. तेव्हा मुलगा कोणत्या ‘गेम’मध्ये चालला आहे, हा पहिला प्रश्न आजीचाच आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

पण ज्यात गोष्ट आहे, चित्र आहे, संगीत आहे असा खेळ बनविणे हा वेगळा उद्योग आहे. पडद्यावरची मुलगी भिंतीवरून उडी मारते तेव्हा त्या उडीमागे गणित असते, तिच्या चालीमागे चित्रकार असतो, पावलांच्या आवाजामागे ध्वनीचे काम करणारा असतो, आणि तीच उडी शेकडो वेळा मारून चुका शोधणारा परीक्षकही असतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या छोट्या चमूने ‘राजी’ नावाचा खेळ असाच बनविला. भावाला शोधत असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली असा आपल्या मातीतला ऐवज त्यात आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही चमूने काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ ह्या नावाजलेल्या पारितोषिकांत नव्या चमूंच्या पहिल्या खेळासाठीच्या नामांकनात त्याचे नाव आले.

मराठी माणसाला हे चित्र अपरिचित वाटू नये. धुंडिराज गोविंद फाळके पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडून आधी छपाईच्या व्यवसायात आणि मग चलच्चित्रांच्या नादी लागले, तेव्हा त्यांनाही लोक शहाणे समजत नव्हते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये विलायतेला गेले. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यावेळचा पोरखेळ पुढे हजारो घरांची चूल पेटविणारा धंदा झाला. म्हणून ‘खेळ बनविणे हे काही काम आहे का?’ हा आक्षेप आपण बाजूला ठेवू.

आवडीवर बसणारा कर

दुसरा आक्षेप पगाराचा. तो मात्र बाजूला ठेवण्यासारखा नाही.

आवडीच्या कामात पगार कमी का असतो? कारण साधे आहे. जागा दहा आणि दारात उभी असलेली मुले हजार. बँकेतल्या हिशेबाच्या कामासाठी लहानपणापासून स्वप्ने पाहणारा मुलगा विरळा. खेळ बनविण्याची स्वप्ने पाहणारे मात्र गल्लोगल्ली आहेत. मालकाला हे ठाऊक असते. ‘तुला हे काम आवडते ना?’ ह्या एका वाक्यात तो पगार कमी करतो, रात्र वाढवतो आणि रविवारही घेतो.

हे कल्पनेतले नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ह्या बड्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी जाहीर पत्र लिहिले. आठवड्याचे सातही दिवस चालणारे काम, जादा वेळेचा मोबदला नाही, घरी येणारा माणूस केवळ झोपायला येतो, अशी ती तक्रार होती. त्या सुमारास कर्मचाऱ्यांनी कंपनीवर दावे लावले आणि कंपनीला एकदा १ कोटी ५६ लाख व पुन्हा १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन ते मिटवावे लागले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बोभाटा घरातल्या माणसाने केला. आवडीच्या कामाची झळ आधी घरच्यांना कळते.

शाश्वतीचे म्हणाल तर तीही बेताचीच. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातून १९०० माणसे कमी केली. पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. आपल्याकडची गोष्ट घ्या. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती सोपविली असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. आपल्या मुलांच्या हाती एवढे मोठे काम आले म्हणून अनेकांना अभिमान वाटला. २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. ज्यांनी त्यावर रात्री घालविल्या असतील त्यांना काय वाटले असेल, हे सांगायला नको. आवडीचे काम मिळाले तरी ते आपले राहीलच असे नाही, हे मुलाला निघण्यापूर्वी माहीत असावे.

नोकरी नकोशी की साहेब?

आता नावडत्या नोकरीकडे वळू. ‘मला ही नोकरी आवडत नाही’ ह्या वाक्यात निदान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. काम नकोसे असते, किंवा साहेब नकोसा असतो, किंवा रोजचा तीन तासांचा प्रवास आणि भाड्याची खोली नकोशी असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दुखण्यावर धंदा बदलणे हा इलाज नव्हे. नुसती कंपनी बदलूनही ती बरी होतात. गेमच्या कंपनीतही साहेब असतात आणि पुण्यातली वाहतूक त्यांच्या दारापाशीही तशीच तुंबते. पहिले दुखणे असेल, म्हणजे काम हातात घेतल्यावरच जीव विटत असेल, तरच कमी पगाराची गोष्ट बोलावी.

आणि ते दुखणे खरे असू शकते. चाकरमान्यांच्या ज्या पिढीने तोंडातून ब्र न काढता तीस-तीस वर्षे नावडते काम ओढले, तिचे आपण गोडवे गातो. पण त्या तीस वर्षांचा चिडकेपणा, अबोला, काही घरांत बाटली, ह्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तोही घरानेच भरला होता. तेव्हा ‘आम्ही नाही का केले?’ हा युक्तिवाद वडिलांनी जपून वापरावा.

सुपारी लागेपर्यंत केळ

तरीही खर्च कोणाच्या खिशातून होणार, हा प्रश्न उरतोच. समजा, पगार ७० हजारांवरून ४० हजारांवर येतो. महिन्याचे ३० हजार म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. दोन वर्षांत ७ लाख २० हजार. आवडीची ही रोख किंमत आहे, आणि ती एकटा मुलगा भरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. ज्या घराने तेव्हापासून मुलाच्या पगाराच्या आधारावर वाडी पुन्हा उभी केली, धाकटीचे शिक्षण चालविले, त्या घरात ३० हजारांची घट म्हणजे नुसता आकडा नव्हे. फाळक्यांच्या गोष्टीतही आपण दादासाहेबांना हार घालतो. दागिन्यांना मुकणाऱ्या, दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम करणाऱ्या सरस्वतीबाईंकडे उशिरा पाहतो.

म्हणून माझे मत असे, की निर्णय मुलाचा, पण हिशेब घराचा. मुलाने काय व्हावे हे आईवडिलांनी सांगू नये. मात्र घर किती काळ किती झळ सोसू शकते हे त्यांनी स्पष्ट सांगावे, आणि मुलाने ते मान खाली न घालता ऐकावे. कर्ज किती आहे, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, प्रॉव्हिडंट फंड मोडायचा नाही हे ठरले आहे का, आजारपणाच्या विम्याचे काय, नव्या कंपनीने कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदला लेखी दिला आहे का, बनविलेल्या खेळावर आपले नाव येणार का, आणि दोन वर्षांनी घडी बसली नाही तर परतीची वाट कोणती, एवढे प्रश्न एका संध्याकाळी कागदावर मांडता येतात. मुलगी जाणार असेल तर तिलाही हेच प्रश्न विचारावेत, ‘लग्नाचे काय?’ हा त्या यादीतला प्रश्न नव्हे.

वाडीवाल्याला हा मार्ग नवा नाही. पोफळीची रोपे लावली म्हणजे तो सात वर्षे हात जोडून बसत नाही. मधल्या जागेत केळ लावतो. केळीची सावली कोवळ्या रोपांना मिळते आणि घड घराला. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया सांभाळतच वर्षानुवर्षे नाटके केली आणि १९६९ मध्ये पूर्ण वेळ रंगभूमी धरली. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ एकट्याने बनविणारा एरिक बॅरोन हा अमेरिकन तरुण त्या चार-साडेचार वर्षांत सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करीत होता. २०१६ मध्ये खेळ आला आणि त्याचे दिवस पालटले. असे सगळ्यांचे होत नाही. पण दोघांनीही केळ लावली होती, हे विसरू नये.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचे गाव. देशमुखीचे घराणे, पण सिद्दीच्या अमलाखाली राहणे अशक्य झाले तेव्हा ते घाटावर गेले, हिशेबठिशेबाची कामे केली आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. गावात त्यांचे स्मारक आहे. गाव सोडून गेलेले त्या काळी पुष्कळ असतील. स्मारक एकाचेच झाले. मुलाला निरोप देताना त्या स्मारकाचा दाखला देऊ नये, आणि ज्यांचे स्मारक झाले नाही त्यांची भीतीही घालू नये.

२०२५ मध्ये मुंबईत ह्या क्षेत्रासाठी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था सुरू झाली. शिकलेली मुले आणखी वाढतील, तशी दारातली रांगही वाढेल. रांग वाढली की पगार आणखी खाली ओढला जाईल. तो फार खाली जाऊ द्यायचा नसेल, तर निघणाऱ्या प्रत्येक मुलाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी : कमी पगार मी समजून-उमजून, ठरल्या मुदतीसाठी घेतो आहे; काम आवडते म्हणून फुकट राबणार नाही. एवढे तो नव्या साहेबाला पहिल्या दिवशी सांगू शकला, तर घरच्यांनी त्याची बॅग भरायला खुशाल मदत करावी.