आहुजांचा निर्णय आणि दिल्लीचे मौन

कारगिलमधील हवाई मोहीम सुरू होऊन एकच दिवस झाला होता. २७ मे १९९९ रोजी बटालिक क्षेत्रात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यांना पॅराशूटच्या साहाय्याने बाहेर पडावे लागले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा तेव्हा मिग-२१ घेऊन त्याच परिसरात होते. ते तळाकडे वळले असते, तर कोणीही त्यांना बोल लावला नसता. एकासनी लढाऊ विमानातून कोणाला उचलून आणता येत नाही. करता येण्याजोगी गोष्ट एकच होती: सहकारी नेमका कोठे उतरला हे शोधणे, म्हणजे हेलिकॉप्टरला तेथवर पोहोचता येईल. त्यासाठी शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात राहणे भाग होते. आहुजा हे जाणून होते आणि तरीही थांबले.

क्षेपणास्त्राने त्यांच्या विमानाचा वेध घेतला. तेही विमानातून बाहेर पडले. पाकिस्तानने परत केलेल्या त्यांच्या पार्थिवावर गोळ्यांच्या जखमा होत्या. ते जिवंत उतरल्यानंतर त्यांना ठार मारण्यात आले, असे भारताने तेव्हाच सांगितले. नचिकेता पकडले गेले आणि आठवड्याभराने सुटले. आहुजांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले.

शौर्याचा गौरव झाला, तो उचितच. परंतु १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा प्रोटोकॉलच्या ४२ व्या कलमात आहुजांसारख्यांसाठीच लिहिलेली तरतूद आहे. संकटातील विमानातून उडी घेणाऱ्यावर हवेत हल्ला करू नये आणि शत्रूच्या ताब्यातील भूमीवर उतरल्यावर त्याला शरण येण्याची संधी द्यावी, असे ते सांगते. पाकिस्तानने या करारावर स्वाक्षरी करूनही त्याला मान्यता दिलेली नाही. भारत तर त्यात सहभागीच नाही.

दिल्लीची अडचण समजण्याजोगी आहे. स्वयंनिर्णयासाठीच्या सशस्त्र लढ्यांना हा करार आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा देतो. काश्मीरचा प्रश्न भिजत पडलेला असताना ही तरतूद कोणत्याही सरकारला खुपेल. हा नियम रूढ कायद्याचाच भाग आहे, मग करार कशाला, असाही युक्तिवाद होतो. मात्र ज्या नियमाच्या भंगाबद्दल आपण दाद मागतो, त्याचा लेखी स्वीकार टाळल्याने आपलीच बाजू लंगडी पडते. फ्रान्सने आपले आक्षेप नोंदवून २००१ मध्ये हा करार स्वीकारला. आपल्या हरकती तशाच नोंदवून दिल्लीलाही तो स्वीकारता येईल.