घरचें बीं

कर्जतच्या भात-संशोधन केंद्राचा आरंभ १९१९ सालचा. तेथील ‘कर्जत ३’ पेरणारा खालापूरचा लहान शेतकरी पुढील वर्षाचें बीं स्वतःच्याच कणगींतून काढूं शकतो. १९९८ सालीं याच केंद्रानें ‘सह्याद्रि’ हा संकरित भात दिला. पीक अधिक, हें खरेंच. परंतु त्याचे दाणे राखून पेरले तर दुसऱ्या पिढींत आईबापांचे गुण निरनिराळे होऊन निघतात, शेत एकसारखें येत नाहीं. म्हणून बीं दरसाल विकत घ्यावें लागतें. ज्येष्ठांत दोन एकरवाल्याच्या हातीं रोकड कोठून असावयाची? (आमच्या घरांतील वडील स्त्रिया बियाण्याची कणगी अडचणींतही कोणास शिवूं देत नसत!) संकराची थोरवी आम्हांस मान्य आहे, तथापि घरीं राखतां येणाऱ्या जातींवर केंद्रानें अधिक श्रम खर्चावे, असें आम्हांस वाटतें.